घडणावळ
(आकाशवाणीवरील भाषण)

पॅरिसच्या अलंकरण-कला संग्रहालयात 2024 च्या नोव्हेंबरात उघडलेल्या आणि पुढल्या एप्रिलात मिटलेल्या, क्रिस्तोफ्ल या फ्रेंच रौप्यकार घराण्याच्या प्रदर्शनावर मी बोलावे, अशी आज्ञा आहे, आणि मुदत आहे आठ मिनिटांची. त्या प्रदर्शनात हजाराच्या आसपास वस्तू होत्या. त्यांची जंत्री वाचावयाची तर आठ दिवसही पुरणार नाहीत. म्हणून मी एकच शब्द घेऊन बसलो आहे, आणि तो शब्द फ्रेंच नसून आपल्या सराफकट्ट्यावरचा आहे : घडणावळ.

जुने तबक घेऊन आपण सराफाच्या पेढीवर जातो, तेव्हा काय घडते हे तुम्ही जाणता. तो ते तराजूत टाकतो, डागाची घट वजा करतो आणि दिवसाच्या भावाने रक्कम सांगतो. ज्या हाताने त्या तबकाच्या काठावर द्राक्षाचा वेल उठवला, त्या हाताच्या नावे त्या हिशोबात एक पैही जमा नसते. तबक मोडीत गेले. चांदी वितळली तरी चांदीच राहते. घडण वितळली की नाहीशी होते.

हे केवळ आपल्याच पेढ्यांवर घडते असे समजू नका. चौदाव्या लुईने व्हर्सायच्या प्रासादात मेजे, आसने, झाडांच्या कुंड्या अशा वस्तू निखळ चांदीच्या करवून घेतल्या होत्या. लब्रँसारख्या चित्रकाराने त्यांचे आराखडे काढावे आणि बालँसारख्या कारागिराने त्या घडवाव्या, अशी ती अव्वल प्रतीची कामगिरी होती. 1689 मध्ये लढाईपायी खजिना रिता होऊ लागला, फर्मान सुटले आणि ते सारे वैभव टांकसाळीत जाऊन त्याची नाणी झाली. राजाच्या पदरात पडली ती चांदी. घडणावळ भट्टीच्या धुरातून वर गेली. सार्वभौम राजाच्या वाड्यात जे घडले, त्याला आपण आपल्या घरात 'मोड घालणे' म्हणतो, एवढाच काय तो फरक.

आता क्रिस्तोफ्लांकडे वळू. शार्ल क्रिस्तोफ्लने 1830 साली कारभार हाती घेतला तो जडजवाहिराचा, आणि 1842 मध्ये विजेच्या साहाय्याने धातूवर चांदी-सोन्याचा मुलामा चढविण्याच्या एल्किंग्टन व रुओल्झ यांच्या पद्धतींचे हक्क त्याने फ्रान्सपुरते मिळविले. तोपर्यंत सोन्याचा मुलामा पाऱ्याने चढवीत, आणि पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे देह पोखरून निघत; नव्या रीतीने ते विष टळले, हे तिचे पुण्य लहान नव्हे. मात्र पुष्कळांच्या मनात येते की, मुलामा म्हणजे शेवटी फसवणूकच की!

येथे मी तुम्हांला कल्हईवाल्याची आठवण करून देतो. तो दारी येई, अंगणात खळगा करून भाता लावी, पातेले तापवून त्यात नवसागराची पूड टाकी, कथिलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने ते चकचकीत पाणी क्षणात सर्वत्र पसरवी. कल्हई केली म्हणून पितळेचे पातेले कथलाचे झाले, असे कोणी म्हणत नसे. कल्हई उडाली की आमटी कळके, आणि मग पुन्हा कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. क्रिस्तोफ्लांच्या काट्या-चमच्यांवरही, चांदी झिजली की, पुन्हा चांदी चढवितात. कल्हई आतून आरोग्यासाठी आणि हा मुलामा बाहेरून शोभेसाठी, येथे दोहोंची फारकत होते हे खरे. परंतु मला सांगावयाचे आहे ते निराळेच. कल्हई कितीही लखलखली, तरी पातेल्याचा घाट हा तांबटाचा असतो. कल्हईवाला घाट देत नाही, घाट झाकतही नाही.

माझ्यासमोर या क्षणी चोरबाजारात घेतलेला एक जुना फ्रेंच काटा आहे. पालथा केला की दिसते, मेजावर टेकतो तेथे चांदी विरून आतले पितळ पिवळे झाले आहे. नेमक्या अशा झिजणाऱ्या जागी हे कारागीर चांदीचा थर मुद्दाम जाड देत, आणि तोही अखेर झिजला, एवढा हा काटा कोणाच्या तरी घरात राबला. दांड्यावर बारीक ठसा आहे, त्यात तराजूचे चित्र. ठसा चौकोनी आहे, कारण फ्रान्सच्या कायद्याने निखळ चांदीवरचा कारागिराचा ठसा शंकरपाळ्याच्या आकाराचा आणि मुलाम्याच्या मालावरचा चौकोनी असावा लागतो. म्हणजे फसवणूक तर दूरच, मालाच्या पाठीवरच कबुलीजबाब कोरलेला आहे. तिकडच्या मुलाम्याच्या मालावर 84 हा आकडाही पुष्कळदा आढळतो, आणि त्याचा अर्थ असा की, बारा चमचे आणि बारा काटे मिळून 84 ग्रॅम चांदी चढविली आहे. नगास साडेतीन ग्रॅम! तोळ्याचा तिसरा हिस्साही नाही. एवढ्यासाठी कोणता सराफ तराजू उचलील? मग त्या काट्यात आहे काय? घाट आहे, तोल आहे, नकस आहे. म्हणजे आहे ती जवळजवळ सारी घडणावळ.

तिसऱ्या नेपोलियनने शंभर पाहुण्यांच्या पंगतीचा सरंजाम क्रिस्तोफ्लांकडून करविला तोही मुलाम्याचाच. त्याची मेजावर मधोमध मांडावयाची शिल्पमय शोभा 1871 च्या मे महिन्यात त्युइलरीचा राजवाडा जळाला तेव्हा आगीत सापडली, ढिगाऱ्यातून तिचे अवशेष निघाले, आणि आज ते याच संग्रहालयात आहेत. ती निखळ चांदीची असती, तर त्या ढिगाऱ्यातून थेट टांकसाळीतच गेली असती असे मला वाटते. वजनाला किंमत नव्हती म्हणून घडण वाचली. पुन्हा सांगतो, कारण रेडिओ चालू असताना कोणी चहा ओतीत असेल आणि नेमके हेच वाक्य निसटले असेल : चांदी वितळली तरी चांदीच राहते, घडण वितळली की नाहीशी होते.

बहावलपूरच्या नवाबासाठी याच घराण्याने 1882 मध्ये घडविलेल्या, 290 किलो चांदी खर्ची पडलेल्या आणि चार कोपऱ्यांवर यंत्राने हलणाऱ्या मूर्ती उभ्या केलेल्या पलंगाची हकीकत सांगावी, असे मनात होते. नॉर्मंडी या जहाजासाठी 1935 मध्ये ल्युक लानेलने आखलेल्या भांड्यांचा घाट किती निराभरण, आणि तरीही... पण काचेपलीकडून मला बोट दाखविले जात आहे.

तेव्हा एवढेच. येत्या दिवाळीला घरातले एखादे जुने तबक, अत्तरदाणी, पंचपात्री मोडीत घालण्याचा विचार असेल, तर सराफाकडे जाण्यापूर्वी ती वस्तू उजेडात पालथी करून पाहा, ठसा असेल तर वाचा, हातोडीच्या खुणांवरून बोट फिरवा. नंतरही ती मोडावीशी वाटली तर खुशाल मोडा. मात्र पावतीवर जी रक्कम येईल ती चांदीची असेल, हे ध्यानात असू द्या.