रूढि सोडावी कोणीं? : सेनेगलमधील एका संस्थेचें कार्य

परोपकार करूं इच्छिणाऱ्या माणसाची वृत्ति दोन प्रकारची असूं शकते. एक म्हणते, 'तुमचें भलें कशांत आहे हें मला ठाऊक आहे. मी सांगतों तसें करा.' दुसरी म्हणते, 'तुमचें भलें कशांत आहे याचा निर्णय तुम्हीच करा. त्यासाठीं लागणारें ज्ञान मी तुमच्यापुढें ठेवतों.' पहिली वृत्ति दात्याला फार सोयीची असते. दुसरीला वेळ लागतो, धीर लागतो, आणि पुष्कळदां आपलें मत गिळून गप्प बसावें लागतें. एका देशानें दुसऱ्या देशास केलेल्या मदतीच्या इतिहासांत पहिलीचीं उदाहरणें पदोपदीं सांपडतात. दुसरीचें एक उदाहरण आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे. तें पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगल देशांतलें असून संस्थेचें नांव तोस्तान असें आहे.

सेनेगल हा आफ्रिका खंडाच्या अगदीं पश्चिम टोंकास असलेला देश. १९६० सालीं तो फ्रेंच सत्तेपासून स्वतंत्र झाला. बहुसंख्य प्रजा इस्लामधर्मीय आहे. सरकारी भाषा फ्रेंच, आणि शाळाही मुख्यतः त्याच भाषेंत चालत आल्या. परंतु घरांत, शेतांत व बाजारांत माणसें वोलोफ, पुलार, सेरेर, मांडिंका अशा आपापल्या भाषा बोलतात. याचा परिणाम असा होई कीं, खेड्यांतील प्रौढ स्त्रीला कांहीं शिकावयाचें तर आधीं परकी भाषा शिकली पाहिजे, आणि मग त्या भाषेंतून आपल्याच आरोग्याची, हिशेबाची व हक्कांची माहिती मिळविली पाहिजे. इतका लांबचा वळसा घेण्यास सवड कोणाला? म्हणून बहुतेक स्त्रिया ज्ञानाच्या दारापर्यंत पोंचतच नसत.

१९७४ सालीं मॉली मेल्चिंग ही अमेरिकन विद्यार्थिनी डाकार येथील विद्यापीठांत अभ्यासासाठीं आली. मुक्काम थोड्या महिन्यांचा ठरला होता. तो कित्येक दशकांचा झाला. मेल्चिंगबाईंनीं वोलोफ भाषा आत्मसात केली, डाकार शहरांत मुलांसाठीं एक केंद्र चालविलें, आणि त्याच भाषेंतून मुलांकरितां नभोवाणीवर कार्यक्रमही केले. १९८२ सालीं त्या थिएस प्रांतांतील साम न्जाय या लहानशा खेड्यांत राहावयास गेल्या. आपण काय शिकवावें हें ठरवून त्या गेल्या नव्हत्या. गांवकऱ्यांना काय हवें आहे तें विचारून व त्यांच्या सहवासांत राहून त्यांनीं शिक्षणाचा क्रम बसविला. या अनुभवांतून १९९१ सालीं तोस्तान ही संस्था उभी राहिली. पिल्लूं आंतून कवच फोडून बाहेर येतें, त्या क्रियेला वोलोफ भाषेंत तोस्तान म्हणतात. हा शब्द प्रसिद्ध सेनेगली इतिहासपंडित शेख अंता दियोप यांनीं सुचविला होता. संस्थेचें सारें धोरण त्या एका शब्दांत आलेलें आहे. कवच बाहेरून फोडूं गेल्यास पिल्लूं जगेलच असा भरंवसा नसतो.

संस्थेचा अभ्यासक्रम सुमारें तीन वर्षांचा असतो. शिकविणारा मनुष्य त्याच समाजांतला, तीच भाषा बोलणारा असतो; तो गांवांत राहतो, आणि त्याच्या राहण्याजेवण्याची सोय गांवानें करावयाची असते. एक वर्ग प्रौढांचा व एक तरुण मुलामुलींचा भरतो. पहिल्या भागाला मांडिंका भाषेंतील 'कोबी' हें नांव आहे. पेरणीपूर्वीं जमीन तयार करणें असा त्याचा अर्थ. या भागांत अक्षरांची घाई केली जात नाहीं. मंडळी वर्तुळाकार बसतात, आणि आपला गांव उद्यां कसा असावा, या प्रश्नापासून चर्चेला आरंभ होतो. पुढें गोष्टी, गाणीं, नाटुकलीं व संवाद यांच्या द्वारें लोकशाही, मानवी हक्क, आरोग्य व स्वच्छता हे विषय येतात. दुसऱ्या भागाचें नांव पुलार भाषेंतील 'आउदे', म्हणजे बीं पेरणें. त्यांत स्वभाषेंतून लिहिणें-वाचणें, हिशेब आणि लहानसहान धंद्याची व्यवस्था शिकवितात. शिकलेलें अक्षर विसरूं नये म्हणून २००९ पासून भ्रमणध्वनीवर निरोप लिहिण्याचाही उपयोग करण्यांत आला. प्रत्येक गांवांत १७ जणांची समिति निवडली जाते, व तींत निदान ९ स्त्रिया असाव्या असा दंडक आहे. शिवाय जो वर्गांत शिकतो त्यानें वर्गाबाहेरच्या एकाला तें शिक्षण सांगावें, अशी प्रथा ठेवलेली आहे.

मानवी हक्कांचा विषय या अभ्यासक्रमांत प्रारंभापासून नव्हता. १९९० नंतरच्या दशकांत स्त्रियांशीं झालेल्या चर्चांतून तो आला. हक्क व जबाबदारी यांच्या जोड्या करून तो शिकविला जातो. आपल्या शरीराला इजा होऊं नये हा हक्क. दुसऱ्याच्या शरीराला इजा करूं नये ही जबाबदारी. ही जोडी मनांत ठसतांच स्त्रियांपुढें एक असा प्रश्न उभा राहिला कीं, ज्याविषयीं चारचौघांत बोलणें निषिद्ध मानलें जाई. सेनेगलमधील कांहीं जमातींत लहान मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापून टाकण्याची फार जुनी रूढि आहे. तिच्यापायीं रक्तस्राव होतो, जखमा चिघळतात, पुढें बाळंतपण अवघड जातें, आणि कित्येक मुली दगावतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत ही रूढि सोसलेल्या २३ कोटींहून अधिक स्त्रिया व मुली हयात आहेत.

आया आपल्या पोटच्या मुलींना या यातना कां देतात? बाहेरचा मनुष्य याला अज्ञान किंवा क्रौर्य म्हणून मोकळा होतो. परंतु त्या समाजांत ज्या मुलीवर हा विधि झाला नाहीं ती अशुद्ध समजली जाते. तिच्या हातचें अन्न घेण्यास लोक कचरतात, आणि तिचें लग्न जमत नाहीं. तेव्हां आई जें करते तें मुलीच्या संसाराच्या काळजीनेंच करते. हें ज्याला उमगलें नाहीं त्याचा उपदेश त्या आईच्या कानाशींच थांबतो.

म्बूर शहराजवळ मालिकुंडा बांबारा नांवाचें गांव आहे. तेथील वर्गांतील स्त्रियांनीं या विषयावर आपसांत पुष्कळ चर्चा केली, नाटुकलें बसवून गांवापुढें केलें, पतींशीं व धर्मगुरूंशीं विचारविनिमय केला. अखेर ३१ जुलै १९९७ या दिवशीं त्यांनीं पत्रकारांना बोलावून, आपल्या गांवानें ही रूढि सोडली असें जाहीर केलें. हें करा असें त्यांना संस्थेनें सांगितलें नव्हतें. त्याच वर्षीं राष्ट्राध्यक्ष अब्दू दियूफ यांनीं मालिकुंडाच्या शपथेचा जाहीर गौरव करून इतरांनीं तिचें अनुकरण करावें असें सांगितलें.

परंतु गौरव राजधानींत झाला. गांवाच्या आसपास मात्र संताप उसळला. वाडवडिलांची चाल मोडली, आणि त्याहून वाईट म्हणजे झांकली मूठ परक्यांसमोर उघडली, असा त्या स्त्रियांवर ठपका आला. संतापलेल्यांत केर सिंबारा गांवचे वृद्ध इमाम देम्बा दियावारा हेही होते. ते मेल्चिंगबाईंना जाब विचारण्यास आले. बाईंनीं वाद घातला नाहीं. आपण आपल्या घरच्या स्त्रियांना, वैद्यकीय जाणत्यांना व धर्मपंडितांना विचारून पाहावें, एवढेंच त्यांनीं सुचविलें. इमामांनीं तसें केलें. स्त्रियांनीं आजवर न बोललेलें दुःख त्यांच्यापुढें बोलून दाखविलें; कुराणांत या रूढीची आज्ञा नाहीं हेंही स्पष्ट झालें. त्यांचें मत पालटलें. मात्र ते परत आले तेव्हां त्यांनीं संस्थेलाच एक धडा दिला. ते म्हणाले, एक गांव एकट्यानें ही चाल सोडूं शकत नाहीं. आमच्या मुली दहा गांवांत दिलेल्या आहेत व तेथल्या मुली आमच्याकडे आल्या आहेत. जेथें सोयरीक आहे तेथें सर्वांनीं मिळून निर्णय केला पाहिजे.

या म्हणण्यांतील मर्म श्रोत्यांच्या सहज ध्यानांत येईल. एका बापानें एकट्यानें रूढि मोडली तर शिक्षा त्याच्या मुलीला होते. पण सर्व सोयऱ्यांनीं एकाच दिवशीं मोडली तर कोणाच्याही मुलीचें लग्न अडत नाहीं. चीन देशांत मुलींचे पाय बांधून लहान करण्याची चाल शतकानुशतकें चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें अशीं मंडळें निघालीं कीं, ज्यांचे सभासद दोन शपथा घेत : मुलीचे पाय बांधणार नाहीं, आणि बांधलेल्या पायांची सून करणार नाहीं. दुसऱ्या शपथेनें पहिलीचें भय काढून टाकलें, आणि ती चाल एक-दोन पिढ्यांत लयाला गेली. जेरी मॅकी या अमेरिकन अभ्यासकानें १९९६ सालीं या दोन रूढींची तुलना करून, आफ्रिकेंतही हाच उपाय लागू पडेल असें लिहिलें होतें. देम्बा दियावारा यांच्या हातीं तो निबंध पडण्याचें कारण नव्हतें. ते आपल्या सोयऱ्यांना ओळखत होते, आणि तेवढ्यावर त्यांना तें सुचलें.

मग हे वृद्ध गृहस्थ सोयऱ्यांच्या गांवोगांव पायीं फिरले. कोणालाही दोष द्यावयाचा नाहीं, रूढीचें ओंगळ वर्णन करावयाचें नाहीं, मान राखून बोलावयाचें, असा त्यांचा परिपाठ होता. फेब्रुवारी १९९८ मध्यें दियाबुगू येथें १३ गांवांचे प्रतिनिधि जमले, आणि सुमारें ८,००० लोकांच्या वतीनें रूढि सोडल्याची घोषणा झाली. तेव्हांपासून सोयऱ्यांच्या गांवांनीं एकत्र घोषणा करणें हीच रीत पडली. आतांपर्यंत सेनेगल, गिनी, गिनी-बिसाव, गांबिया, माली, मॉरिटानिया, सोमालिया व जिबूती या देशांतील ८,००० हून अधिक वस्त्यांनीं अशा घोषणा केल्या आहेत. त्यांत बालविवाह सोडण्याचाही निश्चय पुष्कळ ठिकाणीं केलेला असतो. २००७ सालीं या संस्थेस हिल्टन प्रतिष्ठानाचें १५ लक्ष डॉलरांचें मानवसेवा-पारितोषिक मिळालें.

या पद्धतीवर एक आक्षेप मात्र गंभीर आहे, व तो टाळून चालणार नाहीं. गांव विचार करीत असतो तोंवर कोणत्या तरी मुलीवर तो प्रसंग येतच असतो. थांबण्याची किंमत थांबणारा देत नाहीं. ती मूल देतें. मग कायदाच कां करूं नये? सेनेगल सरकारनें जानेवारी १९९९ मध्यें तसा कायदा केलाही. तरी पुढील वीस वर्षांनंतरच्या पाहणींतही १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें चौथा हिस्सा ही रूढि सोसलेल्याच आढळल्या. त्यांतील पुष्कळ जणींवर ती कायद्यापूर्वींच लादली गेली होती हें खरें, पण चाल संपली नाहीं हेंही तितकेंच खरें. शेजारच्या गांबियानें २०१५ सालीं बंदी घातली. ती उठवावी असें विधेयक २०२४ सालीं तेथील विधिमंडळापुढें आलें, आणि जुलै महिन्यांत तें फेटाळलें गेलें. यावरून असें दिसतें कीं, कायदा हवाच. परंतु त्याच्यामागें गांवचा निश्चय नसेल तर तो एका मतदानानें पुसला जाण्याची भीति राहते. घोषणेचीही गोष्ट तीच. घोषणा केलेल्या प्रत्येक गांवांत प्रत्येक घरानें ती पाळली असें म्हणतां येत नाहीं. म्हणून गांवची समिति घोषणेनंतरही जागती राहावी लागते. जन्माची नोंद, लसीकरण, मुलींची शाळेंतील हजेरी, हीं तिचीं नित्याचीं कामें होत.

हिंदुस्थानचाही या कार्याशीं एक धागा जुळलेला आहे. राजस्थानांतील तिलोनिया येथें अनवाणी महाविद्यालय म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. ती अल्पशिक्षित वा निरक्षर ग्रामीण स्त्रियांना सहा महिन्यांत सूर्यशक्तीवर चालणाऱ्या दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकविते. तोस्तानच्या वर्गांतून तयार झालेल्या सेनेगली खेड्यांतील स्त्रिया तेथें येऊन हें काम शिकून गेल्या. त्यांना हिंदी येत नव्हतें, शिकविणाऱ्यांना वोलोफ येत नव्हतें. खुणा, रंग आणि हात यांच्या साह्यानें शिक्षण झालें. परत गेल्यावर त्यांनीं आपल्या गांवांतील घरें उजळलीं. समुद्रापलीकडे एकट्या बायका पाठविण्यास ज्या गांवांनीं संमति दिली, त्या गांवांचें मन आधींच किती पुढें आलें होतें हें यावरून कळून येतें.

तोस्तानला पैसा पुष्कळसा परदेशांतून येतो, आणि तिची स्थापनाही एका परदेशी बाईनें केली. तेव्हां परक्यानें मदत करूं नये असा या हकिकतीचा अर्थ नाहीं. मदत करणाऱ्या कोणत्याही संस्थेस मात्र चार प्रश्न विचारून पाहावे. ती लोकांच्या भाषेंत बोलते काय? काय हवें हें तिनें आधीं विचारलें काय? लोकांनीं तिला न आवडणारें उत्तर दिलें तर तें ऐकून घेण्याची तिची तयारी आहे काय? आणि ती निघून गेल्यावर काम चालविणारीं माणसें गांवांत उरतात काय? संतापून आलेल्या एका इमामाचें म्हणणें तोस्ताननें ऐकून घेतलें, आणि आपली पद्धति त्याप्रमाणें बदलली. दियाबुगूची घोषणा त्या ऐकण्यांतून निघाली.