पाण्यात उभे असलेले जंगल

मंडळी, बिस्किटात, फरसाणात, साबणात पुष्कळदा पामतेल असते. आपल्या देशात ते बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. म्हणून तिकडच्या एका जंगलाचा हिशेब आज आम्ही तुमच्यापुढे मांडणार आहोत.

बोर्निओ नावाचे मोठे बेट आहे. त्याचा इंडोनेशियाकडचा भाग म्हणजे कालिमंतान. तिथे कित्येक जंगले पाण्यातच उभी असतात. पाने, फांद्या, मुळे पाण्यात पडतात आणि पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षे ती साठत गेली. या काळ्या, भुसभुशीत थराला पीट म्हणतात. काही ठिकाणी तो ३० फुटांहून खोल आहे. वाढतो मात्र वर्षाला एक-दोन मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही! भिजलेले पीट सहसा पेटत नाही. वाळले की ते जळणच.

१९९५ साली तिथल्या सरकारने ठरवले, की १० लाख हेक्टर दलदलीच्या मुलखात भात पिकवायचा. हेतू वाईट नव्हता हो, लोकांना तांदूळ हवा होता. ४,००० किलोमीटरांहून लांब कालवे खणले. जंगल तोडून लाकूड विकले. दुसऱ्या बेटांवरून कुटुंबे आणून वसवली. पण पीटची माती आंबट, तिला कस नाही. भात धड आला नाही. १९९७ साली पाऊस ओढला आणि वाळलेले पीट पेटले. भुशाची शेगडी तुम्ही पाहिली असेल, वरून शांत, आत लाल. तशी ही आग जमिनीच्या पोटात धुमसत राहिली. पुढे योजनाच सोडून द्यावी लागली.

आता जमाखर्च पाहा. लाकडाचे पैसे एकदाच आले. पाणी काढलेली जमीन वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर खचते, म्हणजे वीस वर्षांत एक मीटर. हजार वर्षांचे मुद्दल आपण वीस वर्षांत खातो आणि त्याला नफा म्हणतो! हा तोटा तेलाच्या डब्याच्या किमतीत कोणी धरत नाही. २०१५ साली इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जमीन जळाली. त्यात पीटची जमीनही पुष्कळ होती. जागतिक बँकेने नुकसान सुमारे १,६०० कोटी डॉलर धरले. धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. तिथल्या पोरांनी खोकत भरलेले बिल वेगळेच.

मग पाणी न काढता पैसा मिळतो का? मिळतो. सागोचा ताड ओल्यातच वाढतो. त्याच्या खोडातल्या पिठाचे दाणे म्हणजे मूळचा साबुदाणा. (आपल्या उपासाचा साबुदाणा टॅपिओकाचा, ती गोष्ट निराळी.) जेलुतुंग नावाच्या झाडाचा चीक च्युइंगगमसाठी विकला जात असे. झाड तोडावे लागत नाही, पाणीही राहते.

पण खरी अडचण इथेच आहे. पामतेलाचे झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देते. जेलुतुंगाला दहाएक वर्षे थांबावे लागते. तोवर शेतकऱ्याच्या घरी चूल कशी पेटावी? रान साफ करायला काडी ओढणे सर्वांत स्वस्त, म्हणून तो काडी ओढतो. आम्हाला त्याला दोष देववत नाही.

२०१६ पासून सरकारने जुने कालवे बांध घालून अडवायला घेतले. पण त्याच कालव्यांतून गावकऱ्यांच्या होड्या जात. काही ठिकाणी लोकांनी बांध फोडले. तेव्हा कुठे बांधाच्या मधोमध होडी जाईल एवढी वाट ठेवून बांध घालू लागले.