आधीं कोणाकडे पाहावें?

एकाच वेळीं ४० जखमी दारांत आले आणि डॉक्टर दोनच असले, तर प्रथम हात कोणाला लावावा? जो मोठ्यानें ओरडतो त्याला, जो आधीं आला त्याला, कीं ज्याचा हुद्दा मोठा त्याला?

नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य दोमिनिक जाँ लारे (१७६६–१८४२) यानें या प्रश्नाचें उत्तर रणांगणावर दिलें. लढाई चालू असतांनाच जखमींना उचलून आणण्यासाठीं त्यानें घोड्यांच्या हलक्या गाड्या सुरू केल्या. आणि ज्याची जखम अधिक गंभीर त्याच्यावर आधीं उपचार, मग तो सेनापति असो वा शिपाई, असा दंडक घातला.

पुढें १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथें, मोठ्या अपघातांत ही निवड मिनिटभरांत करतां यावी, अशी रीत बसविण्यांत आली. जे चालूं शकतात त्यांना बाजूस जावयास सांगावें. त्यांची चिठ्ठी हिरवी. उरलेल्यांचा श्वास पाहावा. तो नसेल तर श्वासमार्ग मोकळा करावा. तरीही न आला तर चिठ्ठी काळी. श्वास परत आला, किंवा मिनिटास ३० हून अधिक वेळां चालला, तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा ‘मूठ आवळा’ एवढें सांगूनही कळत नसेल, तरीही लालच. बाकीच्यांस पिवळी.

या रीतींत ओरडण्याला स्थान नाहीं, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें. कोपऱ्यांत निपचित पडलेल्याविषयीं तेवढीही खात्री नसते. काळी चिठ्ठी बांधणाऱ्याचें मन दगडाचें नसतें. एकाच्या पायीं वेळ गेला, तर वांचण्याजोगे दोघे हातचे जातात, हा हिशेब त्याला जड अंतःकरणानें करावा लागतो. मात्र चिठ्ठी म्हणजे अखेरचा निकाल नव्हे. पिवळ्याचा घटकाभरांत लाल होऊं शकतो; म्हणून फिरफिरून तपासणें हें पहिल्या निवडीइतकेंच महत्त्वाचें.

रुग्णालयांत आपल्यामागून आलेल्यास आधीं आंत नेलें, तर परिचारिकेवर रागावण्यापूर्वीं एवढें आठवावें. परंतु थांबलेल्या आपल्या माणसाला धाप लागली, दरदरून घाम फुटला, किंवा तो असंबद्ध बोलूं लागला, तर संकोच न धरतां तत्काळ सांगावें. तें सांगणें म्हणजे रांग मोडणें नव्हे. योग्य निवडीस केलेलें तें साहाय्यच होय.