नोंदणी विवाहाचे छायाचित्रण

विशेष विवाह कायदा, 1954 अन्वये होणाऱ्या विवाहात, म्हणजे धर्मविधीशिवाय विवाह अधिकाऱ्यासमोर नोंदवल्या जाणाऱ्या विवाहात, वधूवरांना आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तीस दिवसांत वैध हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत घोषणापत्रावर सह्या होऊन, परस्परांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द उच्चारले जाऊन तो पूर्ण होतो. अंतरपाट आणि सप्तपदी यांची सवय असलेल्या छायाचित्रकाराला येथे दृश्य जवळजवळ मिळतच नाही. सही करणारा हात आणि साक्षीदारांचे चेहरे, एवढेच त्याचे भांडवल असते, शिवाय कार्यालयात छायाचित्रणास परवानगी असतेच असे नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात त्वचा हिरवट दिसू नये, यासाठी कॅमेऱ्याचा ‘व्हाइट बॅलन्स’, अर्थात पांढरा रंग पांढराच नोंदवला जावा यासाठीचे रंगसमायोजन, आधीच जुळवून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

मुंबईच्या फोर्ट भागात दृश्यांची ही उणीव शहरच भरून काढते. 1833 मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या, पायऱ्या विवाहपूर्व छायाचित्रांसाठी इतक्या वापरल्या गेल्या आहेत की त्यांत नावीन्य उरलेले नाही. तरीही इमारत पश्चिमाभिमुख असल्याने उतरत्या दुपारी तिच्या डोरिक, म्हणजे साध्या शीर्षाच्या ग्रीक धाटणीच्या, स्तंभांवर तिरपा प्रकाश येतो, आणि त्याच सुमारास फिकट साडीच्या घड्याही स्पष्ट उमटतात.