एका गिअरची सायकल

दिल्लीत यमुनेच्या पूर्व तीरावर मयूर विहार नावाची वसाहत आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने ती टप्प्याटप्प्याने वसविली. पहाट झाली की तेथील सोसायट्यांच्या फाटकांसमोरून सायकली जाऊ लागतात. कोणी नोएडातील कारखान्याकडे निघालेला असतो, तर कोणी निजामुद्दीन पुलावरून नदीपलीकडे. मागे कॅरिअरला जेवणाचा डबा, हँडलला पिशवी आणि खाली ताठ सांगाड्याची काळी सायकल. तिच्या चाकांना हादरे सोसणाऱ्या स्प्रिंगा नाहीत, की चढासाठी दुसरा गिअर नाही. मुंबईचे डबेवाले जी सायकल वापरतात, तीही याच जातीची.

या सायकलीचे गणित सोपे आहे. पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्याला 18 असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाक 28 इंची असल्यास सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्याला हे प्रमाण मानवते. चढावर मात्र दाते बदलता येत नसल्यामुळे सारा भार गुडघ्यांवर पडतो. उतारावर पाय स्थिर ठेवता येतात. त्या वेळी फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते. स्वाराला मिळणारी विश्रांती तेवढीच.

याच नदीच्या पश्चिम तीरावर, इंदिरा गांधी क्रीडासंकुलात, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी 250 मीटरांची लाकडी धावपट्टी बांधण्यात आली. अशा धावपट्टीवरील सायकलही एकाच गिअरची असते. परंतु तिला फ्रीव्हील नसते. चाक फिरत आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. तिला ब्रेकही नसतो. वेग पायांनीच आवरावयाचा. सर्वजण एकाच दिशेने धावत असल्यामुळे तेथे हे चालते. बसगाड्यांनी भरलेल्या रस्त्यावर ब्रेकवाचून निघणे हे मात्र अविचाराचे होय.

यंत्राची मदत नाकारण्याची ही वृत्ती नवी नाही. टूर द फ्रान्स ही शर्यत 1903 साली सुरू झाली. तिचे प्रवर्तक आंरी देग्रांज गिअर बदलणाऱ्या यंत्राचे कट्टर विरोधक होते. प्रमुख स्पर्धकांना ते वापरण्याची मुभा 1937 साली मिळाली. आज महानगरांतील हौशी स्वार मुद्दाम एका गिअरची सायकल घेतात. तिचा साधेपणा, तिची शांत चाल आणि श्रमाचा थेट अनुभव त्यांना आवडतो. त्यांचा आनंद खोटा नव्हे. परंतु पुलावरच्या कामगाराने ती हौसेखातर निवडलेली नाही. ती त्याला परवडते आणि झाडाखाली बसणारा पंक्चरवाला ती दुरुस्त करू शकतो, म्हणून ती त्याच्याजवळ आहे.

अशा लाखो सायकली बनविणारी अ‍ॅटलस कंपनी 1951 साली सोनीपतला सुरू झाली. मयूर विहारपासून फारसा दूर नसलेला तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. कारखाना बंद पडला, तरी रोज सायकलीने कामावर जाणाऱ्यांची गरज संपली नाही.

त्या गरजेचा विचार रस्ते आखणाऱ्यांनी करावयास हवा. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन ताशी 15 किलोमीटर वेगाने चालले आहे असे धरा. ते एकदा थांबले, तर पुन्हा तोच वेग गाठण्यास लागणारी शक्ती ते सारे वजन सुमारे 90 सेंटिमीटर उंच उचलण्याइतकी असते. मोटारीला थांबा म्हणजे क्षणाचा विलंब. या माणसाला प्रत्येक थांबा म्हणजे उचललेले ओझे. उड्डाणपुलाचा चढ जरा अधिक झाला, की त्याला उतरून सायकल ढकलावी लागते.

निजामुद्दीन पुलापासून उत्तर प्रदेशच्या सीमेपर्यंतचा द्रुतगती मार्ग 2018 साली खुला झाला. त्यात दोन्ही बाजूंना अडीच मीटर रुंदीचा सायकलमार्ग योजिला होता. ही योजना स्वागतार्हच आहे. तथापि रुंदी आखली म्हणजे काम संपले, असे नव्हे. चढ किती, थांबे किती आणि मार्ग मध्येच तुटतो की काय, हेही पाहिले पाहिजे. ते पाहताना मोजमापासाठी बारा गिअरांची परदेशी सायकल घेऊ नये. डबा लटकविलेली ही काळी सायकल घ्यावी. तिला जो रस्ता सोपा जाईल, तो इतर सर्व सायकलींना सोपाच जाईल.