टोमॅटोचीं फुलें कां गळतात ?



गच्चीवर किंवा गॅलरींत चार कुंड्या ठेवून त्यांत टोमॅटो लावण्याचा प्रघात शहरांतून आतां चांगलाच रूढ झाला आहे. रोपें जोमानें वाढतात, पिवळ्या फुलांचे घोस लागतात, आणि घरांतील मंडळी कोशिंबिरीचे बेत करूं लागतात. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, आठ दिवसांत तीं फुलें एकामागून एक गळून पडतात व फळ म्हणून एकहि धरत नाहीं. मग कोणी रोग समजून औषध फवारतात, कोणी आणखी ओंजळभर खत घालतात, तर कोणी कंटाळून रोपच उपटून टाकतात. हे तिन्ही उपाय बहुधा चुकीचे असतात. कारण पुष्कळ वेळां तें झाड रोगी नसतें, उपाशीहि नसतें. त्याची अडचण निराळीच असते. ती कोणती, हें आज पाहूं.

प्रथम फुलाची रचना ध्यानांत घ्यावी. भोपळ्याच्या वेलीवर नरफूल निराळें आणि मादीफूल निराळें असतें. टोमॅटोचें तसें नाहीं. त्याच्या प्रत्येक फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र नांदतात. पुंकेसर एकमेकांस चिकटून त्यांची एक निमुळती पिवळी नळी बनते, आणि स्त्रीकेसर तिच्या आंत असतो. पराग सुटतो तो या नळीच्या आंतल्या बाजूस. पण तो मोकळा होण्यास फुलाला हिसका बसावा लागतो. उघड्या शेतांत हें काम वारा करतो, आणि काळा भुंगा तें त्याहूनहि चांगलें करतो. तो फुलाला बिलगून आपले स्नायु वेगानें थरथरवितो, आणि त्या गुंजारवासरशी पराग भुरभुर गळतो. मध देणाऱ्या पाळीव माशीला ही विद्या अवगत नाहीं. युरोपांतील कांचगृहांत पूर्वीं माणसें विजेचें थरथरणारें उपकरण हातीं घेऊन घोसाघोसाला लावीत. १९८० नंतरच्या दशकांत तें काम पाळलेल्या बंबल-बी नांवाच्या केसाळ माश्यांकडे सोंपविण्यांत आलें. आपल्या बंदिस्त गॅलरींत वारा नाहीं, भुंगाहि नाहीं. तेव्हां फूल जागच्या जागीं वाट पाहत राहतें.

ही वाट पाहण्याला मर्यादा आहे. टोमॅटोच्या फुलाचा देंठ निरखून पाहिला, तर त्याच्या मध्यावर एक लहानशी गांठ दिसते. परागाचा संयोग होऊन बीज धरलें नाहीं, म्हणजे त्या गांठीशीं पेशी सुटूं लागतात, देंठ पिवळा पडतो आणि फूल तेथूनच निखळतें. निष्फळ फुलावर अन्न खर्च करावयाचें नाहीं, असा हा झाडाचा स्वतःचाच काटकसरीचा नियम आहे.

आतां उष्णतेविषयीं. कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथें फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञानें नियंत्रित हवामानांत टोमॅटो वाढविले, आणि १९४४ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, फळें भरपूर धरण्यास रात्रीचें तपमान १५ ते २० अंश सेल्सिअस असावें लागतें. दिवसाचें ऊन आपणांस जाणवतें, म्हणून आपण त्यालाच दोष देतों. पण झाडाच्या दृष्टीनें रात्रहि तितकीच महत्त्वाची आहे. आज आपणांस हेंहि ठाऊक आहे कीं, उष्णतेचा घाव फूल उमलण्यापूर्वीं आठदहा दिवस, कळींत पराग घडत असतांनाच, बसतो. त्यामुळें उन्हाची लाट ओसरून हवा सुखद झाली, तरी पुढें आठवडाभर फुलें गळत राहतात आणि मनुष्य बुचकळ्यांत पडतो.

हा हिशेब आपल्या शहरांना लावून पाहा. मुंबईस जानेवारींतील रात्री साधारण १७ ते १९ अंशांच्या असतात, आणि मे महिन्यांतील सुमारें २७ अंशांच्या. म्हणजे मे महिन्यांत मुंबईच्या गच्चीवर फळाची अपेक्षा करणें व्यर्थ होय. त्यांतून सिमेंटची गच्ची दिवसाचें ऊन साठवून रात्रभर तें परत देत असते. उलट पुण्यास जानेवारीची रात्र ११-१२ अंशांपर्यंत उतरते. तेथें थंडीनेंहि पराग निकामी होतो, आणि माघांत ऊब येतांच तेंच झाड फळूं लागतें.

याखेरीज आणखी तीन कारणें आहेत. पावसाळ्याच्या दमट हवेंत परागाच्या गुठळ्या होतात व तो सुटत नाहीं. ऊन सहा तासांपेक्षां कमी मिळालें, तर फुलांना पोसण्याइतकें अन्न झाड तयार करूं शकत नाहीं. आणि नत्राचें खत अति झालें, म्हणजे झाड माजतें. पानें काळीं-हिरवीं व दाट, पण फळ शून्य. अशा झाडाला आणखी युरिया किंवा पेंड घालणें म्हणजे अजीर्ण झालेल्यास पक्वान्न वाढणें होय.

तेव्हां उपाय करण्यापूर्वीं निदान करावें. पानें दाट व गर्द असल्यास खत थांबवावें. पानें निरोगी, हवा बेताची, आणि तरीहि फुलें गळत असल्यास सकाळीं दहाच्या सुमारास घोसामागील फांदीवर बोटानें हलकेंच टिचकी मारावी. विजेवर चालणारा दांतांचा ब्रश देंठाला क्षणभर टेकविला, तरी तेंच साधतें. असें दोनतीन दिवस करावें. पाणी एक दिवस पूर आणि तीन दिवस दुष्काळ असें न देतां नेमानें द्यावें. मुंबईकरांनीं बीं भाद्रपद-आश्विनांत पेरून दिवाळीच्या सुमारास रोपें कुंडींत लावावीं, म्हणजे फुलांची वेळ आणि थंड रात्री यांची गांठ पडेल. पुणेकरांनीं थंडीच्या दिवसांत कुंड्या उन्हानें तापणाऱ्या भिंतीच्या आश्रयास ठेवाव्या.

आणि उकाड्यानें किंवा थंडीनें फुलें गळत असतील, तर कांहीं न करतां थांबणें हाच उपाय. टोमॅटोच्या पुष्कळ जाती महिनोन्‌महिने वाढतात व नवे घोस काढीत राहतात. आज गळालेलीं फुलें परत येत नाहींत हें खरें. पण ज्या झाडानें हवा प्रतिकूल म्हणून फुलें टाकलीं, तेंच झाड हवा पालटतांच फळ धरतें. तें उपटून टाकण्यापूर्वीं एवढा अवधि त्याला अवश्य द्यावा.