पाट भरून पाणी, रान मात्र पांढरं

आष्ट्याच्या शिवारात पाणी कमी नाही; दुखणं आहे ते जादा पाण्याचं. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी पाजलं, निचरा झाला नाही, क्षार वर आले. कृष्णाकाठच्या कितीतरी रानांत उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. तिथं लागणीचे डोळे नीट उगवतसुद्धा नाहीत.

याच जादा पाण्याला आळा घालणारं ठिबक राज्य सरकारनं 2017 मध्ये उसासाठी सक्तीचं करायचं ठरवलं. सोबत सव्वासात टक्क्यांचं कर्जही आणलं. त्यातलं चार टक्के व्याज सरकारचं, सव्वा टक्का कारखान्याचं आणि दोन टक्के शेतकऱ्याचं. आमच्या मते नुसत्या सक्तीपेक्षा ही वाटणीच शहाणपणाची. पाणी वाचलं तर कारखान्यालाही ऊस मिळतो, मग त्यानं भार का उचलू नये?

ठिबकला अनुदानही आहे: अल्पभूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के, तेही शासनाच्या ठरीव खर्चावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करा. संच बसल्यावर फिल्टर वेळच्या वेळी धुवा, नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडा. आणि एक लक्षात ठेवा, पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय संच विकत घेऊ नका.